लिंगोची गाथा कोणाच्या कपाटात?

महाशिवरात्र जवळ आली की गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या वाटा भरतात. चामोर्शीकडून माणसं येतात, वैनगंगेच्या पलीकडून, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातूनही येतात. नदी इथे उत्तरवाहिनी होते, म्हणून तिच्या पाण्याला मान. गर्दीत काही गोंड गावं आपले देव घेऊन आलेली असतात. देवांना आंघोळ घालायची, ढोल वाजवायचा, गोंडीत गायचं आणि देव घेऊन परतीला लागायचं.

काठावरच्या देवळांची कहाणी कागदावर पक्की आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात ती पाहून गेला आणि त्याच्या अहवालाच्या नवव्या खंडात त्यांचं वर्णन आलं. पुढे ती संरक्षित स्मारकं झाली. तिथल्या दगडाबद्दल काही विचारायचं तर पुरातत्त्व खातं आहे. काठावर जे गायलं गेलं त्याबद्दल विचारायला खातं नाही. आणि अशी गाणी कुठे लिहून ठेवलेली सापडलीच, तर तिथे गाणाऱ्याचा पत्ता नसतो.

गेली काही वर्षं ग्रंथालयांच्या जगात एक प्रश्न मोठ्याने विचारला जातो आहे. आदिवासींचा वारसा ज्या कपाटांत आणि तबकड्यांवर जमा झाला, त्यावर हक्क कोणाचा, आणि तो जपणाऱ्यांनी त्या लोकांशी कसं वागायचं? ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका इथे या प्रश्नावर लिखित संकेत तयार झाले. आपल्याकडे तो अजून परिसंवादांपुरता आहे. खरं तर या प्रश्नाचं जुनं आणि बोलकं उदाहरण आपल्याच नागपूर-चांद्याच्या, म्हणजे आजच्या नागपूर-चंद्रपूरच्या, पट्ट्यातलं आहे.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नागपुरात राहत होता. शाळा चालवायचा, खडक आणि जीवाश्म गोळा करायचा, आणि गोंडांची भाषा व गाणी टिपून ठेवायचा. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला. त्याचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादित करून छापले. त्या पुस्तकात लिंगोची गाथा आहे. गोंडांची उत्पत्ती, गुहेत कोंडलेले देव, त्यांना सोडवणारा लिंगो, त्याने बांधून दिलेली कुळांची व्यवस्था, असा तिचा विस्तार. मूळ गोंडी शब्द आणि त्याखाली इंग्रजी अर्थ, अशी ती छापली आहे.

ही गाथा गायली एका परधानाने. परधान हे गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा सांभाळणारे लोक. कोणत्या कुळाचे देव किती, कोण कोणाचा सोयरा होऊ शकतो, पेरसापेन या थोरल्या देवापुढे काय गायचं, हे सगळं त्यांच्या पाठांतरात असतं. थोडक्यात, हिस्लॉप एका चालत्याबोलत्या ग्रंथालयासमोर बसला होता. पुस्तक निघालं ते हिस्लॉप आणि टेंपल यांच्या नावाने. पाच वर्षांनी, १८७१ साली, कॅप्टन फोर्साइथने आपल्या मध्य भारतावरच्या पुस्तकात त्याच गाथेला इंग्रजी छंदाचा साज चढवला. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी आपल्या चार खंडांत तिचा सारांश दिला. तिथून ती विद्यापीठांच्या वाचनयाद्यांत गेली. या सगळ्या प्रवासात गाणारा ‘एक परधान’ एवढाच उरला.

हिस्लॉपला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्याने लिहून ठेवलं नसतं तर त्या काळचा हा पाठ आज आपल्याला वाचताही आला नसता. पण गायकाचं नाव, त्याचं गाव, कोणत्या प्रसंगी हे गायचं असतं, त्याने ते परक्यापुढे गायला होकार का दिला, हे सारं गाथेइतकंच मोलाचं होतं. ते टिपलं गेलं नाही आणि आता मिळणारही नाही. पुस्तकावरचा कॉपीराइट केव्हाच संपला. कायद्याच्या नजरेत ती गाथा आज कुणाचीही आहे. ज्यांचा तो धर्म आहे, जे पहांदी पारी कुपार लिंगोला आपला आद्य गुरू मानतात, त्यांच्या गावात मात्र ती प्रत शोधून सापडायची नाही.

धर्म हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या ग्रंथालयांत पुस्तकं लावायची पद्धत अनेक ठिकाणी अजून मेल्विल ड्यूईची आहे, १८७६ ची. तिच्यात धर्माला २०० ते २९९ हे आकडे दिलेत. त्यातला मोठा वाटा ख्रिस्ती धर्माचा, हिंदू धर्म २९४.५ मध्ये, आणि उरलेसुरले शेवटच्या आकड्यात. लिंगोवरचं पुस्तक बहुधा तिथवरही पोचत नाही. ते ३९८ मध्ये, लोककथांत जाऊन बसतं, कोल्ह्या-सशाच्या गोष्टींच्या शेजारी. रामकथा धर्मात आणि लिंगोकथा लोककथेत, हा निवाडा कोणी बसून केलेला नाही. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या आकड्याने तो आपोआप झाला. वाचनालयात शिरणारा गोंड मुलगा तो आकडा वाचत नाही, पण आपली माणसं कुठल्या कपाटात ठेवली आहेत हे त्याला बरोबर कळतं. मी एकदा एका ग्रंथालयात माडिया गोंडांवरची पुस्तकं मागितली. मला ज्या कपाटाकडे नेलं त्यावर ‘नक्षलवाद’ अशी चिठ्ठी होती. विवाहगीतांचा संग्रहही त्याच कपाटात होता.

यावर उपाय निघाले आहेत. कॅनडात कानावाके इथल्या मोहॉक समाजातले ग्रंथपाल ब्रायन डिअर यांनी १९७० च्या दशकात स्वतःची वर्गीकरण पद्धत बांधली. तिच्यात मूलनिवासी राष्ट्रांची मांडणी त्यांच्या शेजारपणानुसार, नात्यांनुसार होते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातलं मूलनिवासींचं ग्रंथालय त्याच पद्धतीच्या सुधारित रूपाने चालतं. गडचिरोलीसाठी अशी मांडणी करायची तर चार देव, पाच देव, सहा देव, सात देव ही सगाव्यवस्थाच घ्यावी लागेल. कोण कोणाचं हे गोंड समाज तिच्यातूनच ओळखतो. हे काम दोन परधान आणि एक ग्रंथपाल शेजारी बसले तर होईल. एकट्या ग्रंथपालाने करू नये.

हिस्लॉपनंतर ऐंशी वर्षांनी गोंडी भाषेच्याच दक्षिण टोकाला एक वेगळं वागणं दिसलं. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हैदराबाद संस्थानात अडकला आणि आदिलाबादच्या गोंडांत जाऊन राहिला. राजुरा तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. चांद्याचे गोंड आणि आदिलाबादचे गोंड यांच्यामधली रेघ सरकारी नकाशाची, सोयरिकी दोन्हीकडे. हायमेनडॉर्फने फोटो काढले, चित्रफिती घेतल्या, जाडजूड ग्रंथ लिहिला. पण त्याचबरोबर मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उभं केलं, आणि गोंडी वाचनपाठ तयार झाले ते देवनागरीत, कारण त्या भागात व्यवहाराची लिपी मराठीची होती. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्या हातात वाचता येईल असं काही ठेवायचं, ही समज त्या कामात होती. त्याच काळात तिथे अधिकारी असलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले आणि गोंडांवर लिहिते झाले. इतिहासकार पगडी मराठी वाचकाला माहीत असतात, गोंडी बोलणारे पगडी फारसे माहीत नसतात. हायमेनडॉर्फची पत्नी बेट्टी हिची समाधी मार्लवाईत आहे आणि गाव तिथे आजही माणसं जमवतं.

तरीही हायमेनडॉर्फचे फोटो आणि फिती गेल्या लंडनला, स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजच्या संग्रहात. आता त्यांतलं बरंचसं संगणकावर पाहता येतं, आणि ही मोठी सोय आहे. पण ‘एक गोंड स्त्री’, ‘नाचणारे तरुण’ अशा नोंदींनी ती सोय अर्धीच राहते. त्या फोटोतल्या आजीला ओळखणारी नात जैनूरला किंवा राजुऱ्याला असेल, तर नोंद तिने पूर्ण करायला हवी.

असं करता येतं, हे अमेरिकेत दिसलं. १८९० साली जेसी फ्यूक्स नावाच्या संशोधकाने मेन राज्यात पासामाक्वॉडी लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर नोंदवली. क्षेत्रात जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाचा तो जगातला पहिला प्रयत्न मानला जातो. शंभराहून जास्त वर्षं ती नळकांडी संस्थांच्या ताब्यात राहिली. अलीकडे लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांचा आवाज स्वच्छ करून आधी त्या समाजाकडे पाठवला. म्हाताऱ्या माणसांनी ऐकलं, चुकीची शीर्षकं दुरुस्त केली, आपल्या भाषेत नावं दिली, आणि कोणतं गाणं कोणी कसं वापरावं याच्या खुणा त्या नोंदींवर लावल्या. पारंपरिक ज्ञानाच्या खुणा म्हणून त्या आता ओळखल्या जातात. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांसोबत ‘मुकुर्तू’ नावाची संगणकप्रणाली तयार झाली. तिच्यात कुळ, वय, स्त्री-पुरुष अशा त्यांच्याच नियमांनी दारं उघडतात आणि बंद होतात. ऑस्ट्रेलियन ग्रंथपालांचे संकेत १९९५ चे, अमेरिकेतल्या अभिलेखागारांचे २००६ चे. तिथल्या अभिलेखपालांच्या संघटनेने ते संकेत मान्य करायला २०१८ साल उजाडलं. म्हणजे तिथेही हे सहज घडलेलं नाही.

आपल्याकडे हे संकेत जसेच्या तसे उचलून आणावेत असं मला वाटत नाही, कारण गडचिरोलीकडे त्याहून भक्कम आधार आहे आणि तो भारताच्या संसदेने दिलेला आहे. आदिवासी क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा म्हणतो की लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक बौद्धिक हक्क मान्य केला आहे. वनहक्क म्हटलं की आपण बांबू आणि तेंदूपत्ता इथेच थांबतो. त्या कायद्यात गाणं आणि औषधाचं ज्ञानही आहे, हे ग्रंथालयांनी तर वाचायलाच हवं होतं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव हे कायदे होण्याच्या आधीपासून असं वागत आलं आहे. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचंच राज्य, म्हणणाऱ्या या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट सुरू झाले. एखादा विषय घ्यायचा, जाणकाराला बोलवायचं, गावाने बसून समजून घ्यायचं आणि मग ग्रामसभेत निर्णय करायचा. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आलं आणि २०११ साली बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्या विजयाच्या बातम्या झाल्या. मला त्यातला अभ्यासगट जास्त महत्त्वाचा वाटतो. बाहेरचा अभ्यासक आला तर त्याने ग्रामसभेपुढे बसावं, काय करणार ते सांगावं, प्रश्नांना उत्तरं द्यावीत. बाहेरच्या देशांत ज्याला पूर्वसंमती म्हणतात ती ही, फक्त इथे ती छापील अर्जावरच्या अंगठ्याने होत नाही. चार बैठका लागतात, मधे मोहफुलाचा हंगाम आला तर थांबावं लागतं.

थांबण्याची तयारी नसली की काय होतं हे जैवविविधता नोंदवह्यांनी दाखवलं. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावच्या समित्यांनी आपल्या परिसरातल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांच्याशी जोडलेलं ज्ञान लोकांसोबत नोंदवायचं होतं. कल्पना सुंदर आहे. वर्षानुवर्षं ती रेंगाळली, मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरण्याचं बजावलं, आणि वह्या घाईघाईत भरल्या गेल्या. अशा वहीत वैदूने काय सांगितलं, ते कोणी वाचावं, याची चर्चा कधी होणार? कोणती मुळी कशावर चालते हे एकदा मोकळ्या कपाटात गेलं की परत घेता येत नाही.

याउलट गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ हे पुस्तक बघा. गडचिरोलीच्या बायांनी झाडांबद्दल सांगितलेलं त्यात आहे, आणि गोईण म्हणजे मैत्रीण. त्यामागे वर्षानुवर्षांचं ऐकणं आहे. सांगणारी बाई तिथे माहितीचा साठा म्हणून येत नाही, ती झाडाशी नातं सांगणारी म्हणून येते.

मग ग्रंथालयाने काही गोष्टी जमवूच नयेत का? होय, काही नयेत. पेरसापेनच्या जत्रेत कुळासमोर गायच्या गाथा बारमाही ऐकायला ठेवायच्या की नाही, हे त्या कुळाने ठरवावं. गोटुलाबद्दल, म्हणजे गावातल्या तरुणांच्या एकत्र जमण्याच्या घराबद्दल, तर फारच लिहिलं गेलं, आणि बरंचसं चोरट्या कुतूहलाने. तरुण पोरापोरींच्या नाचाचे फोटो छापताना त्या पोरी उद्या कुणाच्या आया आणि आज्या होणार आहेत, हे छापणाऱ्याच्या मनात आलं नाही. असे फोटो आज कुणाच्या संग्रहात असतील तर ते सगळ्यांसाठी खुले करण्याआधी विचारायला हवं. ज्ञान सर्वांसाठी मुक्त असावं ही ग्रंथालयांची श्रद्धा मला प्यारी आहे. पण ज्याचं नावही लिहून घेतलं नाही त्याच्याकडून घेतलेलं मुक्त करताना आपण आपलं काही देत नसतो.

दुसरी बाजू अशी की आदिवासींनी स्वतः लिहून, छापून ठेवलेलं जे आहे तेच ग्रंथालयांत येत नाही. पहिलं आदिवासी साहित्य संमेलन १९७९ साली भद्रावतीला झालं, चंद्रपूर जिल्ह्यातच. नागपूरचे मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करत गोंडी भाषा, कोया पुनेम हा गोंडांचा धर्म आणि लिपी यांवर ग्रंथ लिहीत राहिले. व्यंकटेश आत्राम यांनी गोंडी संस्कृतीचे संदर्भ मांडले, उषाकिरण आत्राम यांनी कविता लिहिल्या, सुन्हेरसिंह ताराम यांनी ‘गोंडवाना दर्शन’ चालवलं. यांतली कितीतरी पुस्तकं लेखकाने पदरमोड करून छापली आणि कचारगडच्या जत्रेत, मेळाव्यांत चादरीवर मांडून विकली. वितरक नाही, शासनमान्य यादीत नाव नाही. आपली सार्वजनिक ग्रंथालयं १९६७ च्या कायद्याखाली तुटपुंज्या अनुदानावर चालतात, कर्मचाऱ्याचा पगार हातात टिकेल एवढाही नसतो. त्यांनी यादीबाहेर जाऊन जत्रेत पुस्तकं विकत घ्यावीत ही अपेक्षा त्यांच्यावर लादणं सोपं आहे. म्हणून ती ग्रंथालय संचालनालयाकडून आणि गोंडवाना विद्यापीठाकडून करायला हवी. जिल्ह्याचं स्वतःचं विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे. त्याच्या ग्रंथालयात जत्रेतल्या चादरीवरची प्रत्येक पुस्तिका असली पाहिजे.

गुंजाळाची गोष्ट इथे आठवते. आदिलाबादच्या या गावात काही हस्तलिखितं निघाली, निराळ्याच लिपीत, सुमारे १७५० च्या आसपासची मानली गेलेली. हैदराबादचे प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या पुढाकाराने त्यांचा अभ्यास झाला. त्यांत चंद्रपूरच्या गोंड राजांचेही उल्लेख आहेत. ती लिपी वाचता येणारे थोडे वृद्ध गावातच होते, म्हणून वाचन गावात झालं आणि शिकवणंही गावात सुरू झालं. २०१८ साली गुंजाळा गोंडी युनिकोडमध्ये आली. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली घडवलेली लिपी त्याआधी एक वर्ष दाखल झाली होती. चांद्याच्या राजांबद्दल चांद्याबाहेर, गोंडांच्याच घरात, गोंडी अक्षरांत काही लिहून ठेवलेलं आहे, हे कळल्यावर आपल्याकडच्या घराघरांतल्या पेट्यांकडे आदराने पाहायला हवं. पेटी उचलून संग्रहालयात नेण्याची घाई मात्र नको.

आता यंत्रंही शिकू लागली. २०२५ साली केंद्र सरकारने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन चाचणीरूपात आणलं, त्यात संथाली, भिली, मुंडारीबरोबर गोंडी आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख होते. एवढ्या माणसांची भाषा यंत्राला येणं चांगलंच आहे. पण यंत्र शिकतं ते कुणाच्या तरी आवाजावर आणि वाक्यांवर, आणि हिस्लॉपच्या काळचा प्रश्न नव्या कपड्यांत समोर येतो. सांगणाऱ्याचं नाव नोंदलं का? काय काम होणार ते त्याला त्याच्या भाषेत सांगितलं का? त्याने नको म्हटलं तर ते काढता येतं का?

गडचिरोलीत हल्ली दुर्गम गावांत वाचनालयं निघत आहेत. पोलिसांच्या ‘एक गाव, एक वाचनालय’ उपक्रमातून पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मिळतात, बसायला जागा मिळते, आणि ही गरज खरी आहे. गावाच्या स्मृतीचं घर मात्र ग्रामसभेचंच असावं, तिथे बंदूक घेतलेल्या कोणत्याही बाजूची सावली नसावी, असं माझं ठाम मत आहे. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाचं गोटुल, म्हणजे शाळा, सुरू केलं. पुढे शिक्षण विभागाने ते बेकायदा ठरवणारी नोटीस काढली आणि गाव उच्च न्यायालयात गेलं. आपल्या भाषेत शिकवू द्या म्हणून ज्या गावाला कोर्टाची पायरी चढावी लागते, त्याच्याकडे ग्रंथालयाने ‘आम्हाला तुमची गाणी द्या’ म्हणून जाऊ नये. आधी काहीतरी घेऊन जावं.

घेऊन जाण्यासारखं आहे. हिस्लॉपच्या पुस्तकातली लिंगोची गाथा कुणालाही छापता येते. गोंडी जाणणाऱ्याने ती देवनागरीत उतरवायची, मोठ्या टायपात पन्नासेक प्रती काढायच्या आणि मोहगावच्या, मेंढ्याच्या, किंवा महाशिवरात्रीला मार्कंड्याला देव घेऊन आलेल्या गावांपुढे परधानाला बोलावून वाचायची. स्कॉटिश कानांनी ऐकलेले शब्द कुठे चुकलेत ते ऐकणारेच सांगतील. त्या दुरुस्त्या समासात लिहायच्या, सांगणाऱ्याच्या नावासकट, त्याची हरकत नसेल तर. प्रती गावात ठेवायच्या आणि एक चामोर्शीच्या वाचनालयासाठी मागून आणायची.